डाव्या पराची खूण

२६ ऑगस्ट

वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. तीन ओळींचं. आपल्या जलाशयातील मासळीचे उत्पादन सलग तिसऱ्या वर्षी घटले आहे, दरवर्षी बोटुकली सोडूनही असे का व्हावे, याचा खुलासा करावा. खुलासा मी करायचा. जसे काही मासे मीच घरी घेऊन जातो.

अकरा वर्षं मी इथला जलाशय अधिकारी आहे. अकरा वर्षं दर सप्टेंबरला चाळीस हजार बोटुकली, म्हणजे कार्प माशांची बोटाएवढी पिल्लं, मत्स्यबीज केंद्रातून आणून धक्क्यावरून पाण्यात सोडतो आहे. एकही वर्ष चुकलेलं नाही. पिल्लांच्या पिशव्या आधी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायच्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं झालं की मगच तोंड सोडायचं, हेसुद्धा घड्याळ लावून पाळतो. रजिस्टर कोणीही येऊन बघावं. एक खाडाखोड सापडणार नाही.

मग मासे जातात कुठे? कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की.

२९ ऑगस्ट

तीन दिवस रजिस्टर घेऊन बसलो. जलाशयावर बावन्न परवानाधारक आहेत. एक्कावन्न जणांची मासळी घटली आहे. एकाची नाही. तो एक म्हणजे माझा मेहुणा.

मेहुणा म्हणजे हिचा थोरला भाऊ. जलाशयाचं पाणी मागे जिथवर पसरतं त्या फुगवट्याच्या पार टोकाला, जिथे पाणी उथळ आणि गवताळ होतं, तिथे राहतो. धक्क्यापासून होडीने दीड तास. माणूस कष्टाळू आहे, मी नाही म्हणत नाही. पण सगळ्यांचं खाली आणि ह्याचंच वर, हे कसं?

हिला सहज म्हणालो, "तुझ्या दादाचं बरं चाललंय."

"मग वाईट चालायला हवं होतं का?" ही म्हणाली.

माहेरचं नाव निघालं की हिच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

२ सप्टेंबर

मला वाटतं, मला कळलं आहे. बारीक आसाचं जाळं. आस म्हणजे जाळ्याच्या एका भोकाची रुंदी. पाच सेंटिमीटरपेक्षा बारीक आसाचं जाळं कोणाकडे सापडलं तर परवाना रद्द, कारण काहीही असो, असा नियम आहे. 'कारण काहीही असो' हे शब्द माझे. वरच्या कार्यालयाने जसेच्या तसे घेतले होते. अशा जाळ्याने कोणी पिल्लंच गोळा करत असेल, तर मोठे मासे येणार कुठून?

संशय आहे, पुरावा नाही. आणि संशयित म्हणजे बायकोचा भाऊ. त्यामुळे पुरावा असा हवा की कोणाची तोंड उघडायची हिंमत होऊ नये.

संध्याकाळी धक्क्यावर पेन्शनर भेटले. निवृत्त पोस्टमास्तर, धक्क्यामागच्या जुन्या क्वार्टरमध्ये एकटेच राहतात आणि दिवसभर गळ टाकून बसतात. आल्या आल्या विचारलं, "यंदा पिल्लांची गाडी कधी?" म्हटलं, अकरा तारखेला. त्यांनी खिशातली छोटी वही काढून लिहून घेतलं. दरवर्षी विचारतात. आमच्या कामात रस घेणारा हा एकच माणूस आहे इथे.

१० सप्टेंबर

युक्ती सापडली आणि अमलातही आली. हजार पिल्लं एक दिवस आधी मागवून कार्यालयामागच्या सिमेंटच्या टाकीत ठेवली होती. आज प्रत्येकाच्या पोटाखालच्या दोन परांपैकी डावा पर कात्रीने कापला. माशाला त्याने काही होत नाही, पोहायला अडचण येत नाही, आणि महिना-दोन महिने खूण राहते. आता ज्याच्या जाळ्यात डावा पर नसलेलं पिल्लू सापडेल, तो माझा चोर.

कापायला मी, वॉचमन आणि ही. वॉचमनला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही. त्याला मी कारण सांगितलं नाही, नाहीतर संध्याकाळच्या आत फुगवट्यापर्यंत बातमी गेली असती. हिला म्हणालो, अभ्यासासाठी आहे. हिने स्वतःची नखं कापायची कात्री आणली. हात इतका हलका की माझी शंभर होईपर्यंत हिची दीडशे झाली. कोळ्याची मुलगी आहे, मासा हातात धरणं शिकवावं लागत नाही.

"किती जगतील यातली?" तिने मध्येच विचारलं.

"मी सोडतो ती सगळी जगतात," मी म्हणालो.

तिने कात्री पुसली. पुढचं पिल्लू उचललं.

११ सप्टेंबर

सोडणी झाली. चाळीस हजार, त्यात हजार खुणेची. गाडी सकाळी सातला आली. ड्रायव्हर वळणावरच दोनदा हॉर्न देतो, माणसांनी पिशव्या उतरवायला यावं म्हणून. गंमत म्हणजे हॉर्न वाजला की धक्क्याखालचं पाणी हलतं. दरवर्षी पाहतो. तिथे वाऱ्याचा झोत येत असावा.

वीस मिनिटं मोजून पिशव्या सोडल्या. पिल्लं काठाकाठाने काळ्या ढगासारखी पसरली. मला हा क्षण फार आवडतो. खोटं कशाला बोलू, वर्षभर मी याच सकाळची वाट पाहतो.

पेन्शनर नऊला गळ घेऊन बसले आणि दुपारपर्यंत चार किलोची मरळ काढली. दैव बघा. एरवी आठवडा-आठवडा काही लागत नाही आणि सोडणीच्या दिवशी हमखास. ते म्हणतात, गळाला कसब लागतं. संध्याकाळी नेहमीसारखे साफ करून, तुकडे करून आमच्याकडे पाठवले. मी दोनदा घेतले. हिने हात लावला नाही. पोट बरं नसेल.

१३ सप्टेंबर

रेडिओने बातमी दिली आणि ती सोन्याच्या मोलाची निघाली. काल आणि आज पहाटे मेहुण्याची होडी धक्क्याजवळ होती. होडीत चार पिंपं. काठाच्या उथळ पाण्यातून तो फडक्याने काहीतरी गाळून पिंपात भरत होता.

"मी हटकलं," रेडिओ म्हणाला, "तर म्हणतो, तुझ्या साहेबांनी सांडलेलं वेचतोय."

सांडलेलं म्हणे. उद्धटपणाची हद्द झाली. लगेच पकडता आलं असतं, पण मी घाई करणार नाही. जाळ्यासकट पकडायचा आहे.

२४ सप्टेंबर

दहा-अकरा दिवस काहीच घडलं नाही म्हणून लिहिलं नाही. आज एकच. ही फुगवट्याकडे जाणाऱ्या होडीबरोबर भावाकडे पोतं पाठवताना दिसली. पोत्यात भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड. हे तिसरं पोतं. विचारलं तर म्हणाली, वहिनीने कोंबड्या पाळल्या आहेत. असतील. पण आजवर एक अंडं आमच्या घरी आलेलं नाही. घराणंच चिकट.

९ ऑक्टोबर

जेवताना ही म्हणाली, "येत्या रविवारी दादाकडे जाऊन येऊ या का? त्याला तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

"काय दाखवायचंय?"

"तिथेच बघा ना. मी सांगितलं तर तुम्ही आधी नियम काढाल."

मी म्हणालो, सध्या कामं आहेत. खरं कारण हिला कसं सांगू? तपास चालू असताना संशयिताकडे जाऊन चहा पिणं बरं दिसत नाही. तिने दोनदा आग्रह केला, मग ताट उचललं आणि आत गेली. एकवीस वर्षांत हिने माझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. पण कर्तव्य ते कर्तव्य.

२० ऑक्टोबर

सगळं सविस्तर लिहितो.

सकाळी रेडिओ, दोन माणसं आणि मी, अशी होडी घेऊन न सांगता फुगवट्यावर गेलो. मेहुण्याच्या घरामागे गवताळ पाण्याचा एक कोपरा आहे. त्याच्या तोंडाशी या काठापासून त्या काठापर्यंत बांबू ठोकून जाळं लावलेलं होतं. आस मोजला. आठ मिलिमीटर. पुन्हा मोजला. आठच.

आत पिल्लं होती. हजारोंनी. सप्टेंबरात बोटाएवढी होती ती आता माझ्या तळहाताएवढी, जाड, चमकदार. खोटं लिहिणार नाही, इतकी निरोगी पिल्लं मी बीज केंद्रातही पाहिलेली नाहीत. झेल्याने, म्हणजे दांड्याच्या छोट्या जाळीने, वीस-पंचवीस काढून उलटी करून पाहिली. तिसऱ्याच पिल्लाला डावा पर नव्हता.

मेहुणा घरातून आला. अंगात बनियन, हात पिठाने माखलेले. पिठाने नव्हे, कोंड्याने. शांत होता.

"या दाजी," म्हणाला. "आलात ते बरं झालं. बोलावणार होतोच."

मी पंचनाम्याचा कागद काढला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं.

"चोरी नाही केली मी," तो म्हणाला. "हे जाळं मासे धरायला नाही, मोठ्या माशांना बाहेर ठेवायला आहे. तुम्ही धक्क्यावर सोडता ना, तिथे मरळींचा मेळा भरतो, दरवर्षी आणखी मोठा. एका दिवसात निम्मी साफ. मी जमतील तेवढी उचलतो, इथे वाढवतो आणि मोठी झाली की जाळं काढून जलाशयात सोडतो. हे तिसरं वर्ष. मग सगळ्यांनीच धरावी. इथून कोणालाही धरू देतो मी, विचारा कोणालाही."

"म्हणजे सरकारी पिल्लं न विचारता उचलता, हे कबूल आहे तर," मी म्हणालो आणि ते लिहून घेतलं.

त्याने हातावरचा कोंडा पुसला. मी जाळं कापायला सांगितलं. रेडिओने विळ्याने मधोमध कापलं. पहिल्यांदाच मी रेडिओला इतका वेळ न बोलता पाहिलं.

पिल्लं पिंपांत आणि पिशव्यांत भरून घ्यायला चार तास लागले. सुमारे सात हजार. मुद्देमाल आहे, मूळ जागी परत गेला पाहिजे. निघताना मेहुणा होडीपर्यंत आला.

"परवाना घ्या, जाळं घ्या," तो म्हणाला. "पण यांना धक्क्यावर नका सोडू. दुसरीकडे कुठेही सोडा. हात जोडतो."

त्याने खरंच हात जोडले. वयाने मोठा माणूस आहे, मला ते बरं वाटलं नाही. पण मी विरघळलो नाही.

अलीकडच्या काठावर आमची गाडी आली होती, तिने सगळा माल धक्क्यावर आणला. ड्रायव्हरने सवयीने दोनदा हॉर्न दिला. पाणी हललं. मी स्वतः वीस मिनिटं घड्याळ लावून पिशव्या तरंगत ठेवल्या आणि मग सोडलं. सात हजारात वाटेत मेलेली फक्त चार. इतकी चांगली सोडणी मी आजवर केलेली नाही.

घरी येऊन हिला सांगितलं. परवाना या हंगामापुरता रद्द, पुढचं वरचं कार्यालय ठरवेल. मला वाटलं होतं रडेल, भांडेल. तिने फक्त विचारलं, "चोर ओळखलात कशावरून?"

मी सांगितलं.

ती आपल्या हातांकडे बघत बसली. "म्हणजे ते मी कापले," म्हणाली. "माझ्या कात्रीने."

२१ ऑक्टोबर

आज लिहायचं नव्हतं. लिहितो.

सकाळी दहाला पेन्शनर स्वतः आले. खांद्यावर अख्खी मरळ, डोकं छातीशी आणि शेपटी गुडघ्याशी. आजवरची सगळ्यात मोठी. त्यांची कामवाली आज आली नाही, म्हणून साफ न करता तशीच आणली. खूश होते. "काल संध्याकाळपासून पाण्यात नुसती धमाल आहे," म्हणाले. "गळ टाकायचा अवकाश."

मी म्हणालो, आज घरात बरं वातावरण नाही, राहू द्या. पण हिने आतून येऊन मासा घेतला, विळी घेऊन मागच्या ओट्यावर बसली. मला बरं वाटलं. म्हटलं, निवळतंय.

दहा मिनिटांनी तिने हाक मारली. ओट्यावर स्टीलचं ताट होतं. ताटात मरळीच्या पोटातून निघालेली पिल्लं एका ओळीत ठेवलेली. तळहाताएवढी. खवलेसुद्धा अजून चमकत होते.

"मोजा," ती म्हणाली. "तुम्हाला मोजायला आवडतं."

नऊ होती. मी एकेक उलटं केलं. दोघांना डावा पर नव्हता.

मी तिथेच मोरीच्या कठड्यावर बसलो. ती उठली, हात धुतले आणि म्हणाली, "दादा सोमवारी दगडाच्या खाणीवर कामाला चाललाय. पन्नाशी उलटलेला माणूस. त्याला पाण्याबाहेरचं काही येत नाही." आणि मग रडली. तिच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटलं, पण कोणत्या तोंडाने ठेवणार होतो.

दुपारी पेन्शनरांकडे गेलो. विचारलं, आजवर तुम्ही एवढे मासे काढलेत, पोटात कधी पिल्लं निघाली का?

"नेहमीच," ते म्हणाले. "सोडणीनंतर आठवडाभर तरी. बाई साफ करताना टाकून देते. म्हणून तर मी तारीख विचारून ठेवतो."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही अधिकारी," ते म्हणाले. त्यांना खरोखरच नवल वाटलं होतं. "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

धक्क्यावर जाऊन उभा राहिलो. रेडिओला म्हटलं, गाडीचा हॉर्न दे. त्याने दिला. धक्क्याखालचं पाणी हललं. वारा अजिबात नव्हता. अकरा वर्षं मी मरळींना जेवायला बोलावत होतो.

२३ ऑक्टोबर

खुलासा लिहून पाठवला. तोही तीन ओळींचाच झाला. उत्पादन घटण्याचे कारण बोटुकली सोडण्याची जागा व पद्धत. दोन्ही जलाशय अधिकाऱ्याने ठरवलेली. परवानाधारकाचा दोष नाही, परवाना रद्द केल्याचा आदेश मागे घेत आहे. नियमातले 'कारण काहीही असो' हे शब्द काढावेत, असं खाली जोडलं. पहिल्यांदाच कच्चा मसुदा न करता लिहिलं आणि एका जागी खाडाखोडही झाली. तशीच पाठवली.

मग कपाटातून जुन्या दैनंदिन्या काढल्या. काल रात्रीपासून एक गोष्ट मनात टोचत होती. मेहुणा त्या दिवशी म्हणाला, हे तिसरं वर्ष. म्हणजे दोन वर्षांपूर्वी काहीतरी सुरू झालं. त्या वर्षीचा सप्टेंबर उघडला. अक्षर माझंच.

२५ ऑक्टोबर, रविवार

ही आणि मी फुगवट्यावर गेलो. बरोबर परवाना, कापलेलं जाळं आणि ती जुनी दैनंदिनी. होडीत ही माझ्या बाजूला बसली.

मेहुणा अंगणात एका ट्रंकेत कपडे भरत होता. मी परवाना त्याच्या हातात दिला. चुकलो, म्हणालो. सात हजार पिल्लं मी मारली, म्हणालो. हे सगळं मी वाटेत नीट जुळवून ठेवलं होतं, तिथे मात्र तुकड्यातुकड्यांत आलं.

त्याने परवाना बघितलाही नाही, खिशात घातला. जाळ्याकडे गेला. कापलेली कड हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"असं कापतात का जाळं?" म्हणाला. "शिवणीवर कापलं असतं तर जोडायला सोपं गेलं असतं."

आत जाऊन सुई आणि दोरा घेऊन आला आणि ट्रंक तशीच उघडी ठेवून अंगणात बसला. वहिनीने आतून पाणी आणलं. अंगणात एकही कोंबडी नव्हती.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं. उत्तर माझ्या काखेत होतं, तरी विचारलं.

"सांगितलं होतं."

"हो," मी म्हणालो आणि दैनंदिनी उघडून वाचलं. "मेहुणा धक्क्यावर आला होता. म्हणतो, पिल्लं इथे सोडू नका, मोठे मासे खातात, माझ्याकडे गवतात सोडा. ह्याला सगळी आपल्याच दारात हवी आहेत. हसून सोडून दिलं."

तो शिवत राहिला. ही उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती.

"पुढे काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

पुढची ओळ वाचवेना. पण त्याने मान वर केली होती, हीसुद्धा बघत होती. मग वाचली.

"संध्याकाळी पेन्शनरांनी मरळ पाठवली. फार चवदार होती."

मेहुण्याने दोऱ्याला गाठ मारली, दाताने तोडली आणि जाळ्याचं दुसरं टोक माझ्याकडे सरकवलं.

"ताणून धरा," म्हणाला. "ढिलं धरलंत तर आस वाकडा येतो."

अंधार पडेपर्यंत धरून बसलो.